पॉवर वीडरचें निसटणारें हँडल

बैलजोडी बाळगणें दिवसेंदिवस जड होत गेल्यामुळें कोळपणी, भरणी व बागेंतील आंतरमशागत हीं कामें आतां पुष्कळ गांवीं पॉवर वीडर नांवाच्या लहान यंत्रावर येऊन पडलीं आहेत. यंत्र घेतेवेळीं शेतकरी त्याची अश्वशक्ति, त्याला लागणारें डिझेल, पात्यांची रुंदी यांची बारीक चौकशी करतो. हँडल कशानें पकडून ठेवलें आहे हें मात्र सहसा कोणी वांकून पाहत नाहीं. मग एक-दोन हंगाम उलटले कीं तें हँडल ठरविलेल्या उंचीवर राहीनासें होतें. दाबलें कीं खालीं बसतें, उचललें कीं वर येतें, आणि यंत्र चालविणारा गडी दर चार-सहा ओळींमागें थांबून तें पुन्हां सारखें करूं लागतो. बहुतेक ठिकाणीं यावर उपाय एकच माहीत असतो : पान्ह्याला लोखंडी नळी जोडून बोल्ट आणखी आवळणें. त्यानें दोन दिवस निभावतें. तिसऱ्या दिवशीं बोल्ट तुटतो किंवा पकडीचा कान उडतो.

ही नुसती गैरसोयीची गोष्ट असती तर तिच्यासाठीं मासिकाचीं पानें खर्चीं घालण्याचें कारण नव्हतें. परंतु या यंत्राचीं फिरतीं पातीं चालकाच्या पायांपासून जेमतेम एका पावलावर असतात. शेताच्या टोकास वळतांना पातीं जमिनीबाहेर काढण्यासाठीं तो हँडलावर अंगाचा भार टाकतो; म्हणजे हँडलावर सर्वांत अधिक जोर येण्याची वेळ व पातीं उघडीं पडण्याची वेळ एकच असते. त्या क्षणीं हँडल निसटलें तर माणूस पुढें झुकतो व तोल सांवरण्यासाठीं पाऊल पुढें टाकतो. मागील गिअरमध्यें तर यंत्र स्वतःच त्याच्या अंगावर येत असतें. यंत्र पुष्कळदां मालक नव्हे, रोजंदारीचा गडी चालवितो, व ढिलें हँडल "जरा सांभाळून" वापरण्यास त्याला सांगितलें जातें. सांभाळण्यानें सांधा घट्ट होत नाहीं. ज्याचें यंत्र त्यानेंच ही दुरुस्ती करून द्यावयास पाहिजे.

सांधा कां निसटतो हें समजल्यावांचून दुरुस्ती टिकत नाहीं. आपल्या लांकडी नांगराचें रुमणें ढिलें झालें तर आपण पाचर ठोकतों. पाचर सांध्यांत शिरून जागा भरून काढते व लांकूड लांकडास अडतें. यंत्राच्या हँडलाची रचना निराळी आहे. पुष्कळ यंत्रांत हँडलाची गोल नळी दोन अर्धगोल तुकड्यांच्या पकडींत धरलेली असते. तेथें नळी कशालाही अडलेली नसते. बोल्टच्या ताणानें दोन्ही तुकडे नळीवर दाबले जातात आणि त्या दाबामुळें जें घर्षण उत्पन्न होतें त्यानेंच हँडल जागीं राहतें. बोल्ट हँडलाला धरून ठेवतो असें आपण म्हणतों खरें, पण वस्तुतः घर्षण धरून ठेवतें. बोल्ट फक्त दाब पुरवितो.

हें घर्षण किती लागतें याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, पकडीपासून मुठीपर्यंत हँडल एक मीटर लांब आहे व वळतांना माणसानें मुठींवर २० किलोंचा भार टाकला. नळी २५ मि. मी. जाड आहे. पकडीमध्यें नळीचा पृष्ठभाग मध्यापासून साडेबारा मि. मी. अंतरावर, म्हणजे मुठीच्या अंतराच्या ऐंशीव्या हिश्श्यावर आहे. तेव्हां मुठीवरचे २० किलो तेथें ८० पट होऊन १६०० किलोंच्या जोरानें नळीला फिरवूं पाहतात. आतां दुसरी बाजू. ८ मि. मी.चे चांगल्या प्रतीचे चार बोल्ट योग्य आवळले असतां प्रत्येकांत सुमारें १६०० किलो ताण येतो, चौघांचा मिळून ६४०० किलो. नळीला हा दाब वरच्या व खालच्या अशा दोन्ही तुकड्यांकडून बसतो, म्हणून एकूण १२,८०० किलो. कोरड्या, स्वच्छ लोखंडावर दाबाच्या सुमारें १५ टक्के रोध मिळतो असें धरलें तर १९२० किलो होतात. गरज १६०० किलोंची व सोय १९२० किलोंची. यंत्र नवें असतांना हँडल स्थिर राहतें तें एवढ्याशा शिलकीवर! पकडींत तेल शिरून रोध १० टक्क्यांवर उतरला कीं सोय १२८० किलोंची राहते. तेल न लागतां चारांपैकीं नुसता एक बोल्ट ढिला झाला तरी ती १४४० वर येते. दोन्ही प्रसंगीं हँडल निसटणारच.

यावरून दुरुस्तीची दिशा कळून येते. हँडल निसटूं लागलें म्हणजे नळीच्या पृष्ठाचा रोध गेला आहे, किंवा नळी-पकडीचा आकार बिघडला आहे, किंवा बोल्टचा ताण गेला आहे. या तिहींपैकीं काय गेलें आहे तें शोधावें. पहिल्या दोन कारणांवर बोल्ट आवळणें हें औषधच नव्हे.

तत्पूर्वीं हँडल खरोखर पकडींतच फिरतें कीं दुसरीकडे हालतें हें निश्चित करून घ्यावें. कांहीं यंत्रांत हँडलाचा सांगाडा व गिअरची पेटी यांच्यामध्यें धक्के कमी बसावे म्हणून रबराचे गुटके घातलेले असतात. ते झिजले किंवा फाटले तर हँडल ढिलें लागतें, आणि मालक निर्दोष पकडीचे बोल्ट आवळीत बसतो. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून यंत्र सपाट जागीं उभें करावें; पेट्रोलचें यंत्र असल्यास प्लगची टोपी काढून ठेवावी. पकड व नळी या दोहोंवरून एक सरळ रेघ रंगानें किंवा खडूनें ओढावी व मग मुठी जोरानें दाबाव्या. रेघ तुटून दोन झाल्या तर दोष पकडींत. रेघ अखंड राहून हँडल हाललें तर रबर, सांगाड्याचे बोल्ट अथवा वेल्डिंगला गेलेला तडा पाहावा. रंगाची ही रेघ पुढेंही पुसूं नये. सांधा पुन्हां सरकूं लागल्यास हातास कळण्यापूर्वीं तें तिच्यावरून डोळ्यांस दिसतें.

दोष पकडींत असला तर ती पूर्ण उघडावी. उघडण्यापूर्वीं क्लचची व वेगाची तार कशी बांधलेली आहे हें ध्यानांत ठेवावें व हँडलाला खालून टेकू द्यावा. बोल्ट काढतांच हँडल कोसळून तारा ताणल्या जातात, हें पुष्कळांच्या अनुभवाचें आहे. पकडीच्या आंत बहुधा तेल, माती व रंग यांचा काळा लेप सांपडतो. कांहीं कारखान्यांत पकडीच्या आंतील बाजूसही रंग मारतात. तो दिसावयास चांगला, पण दाबाखालीं चेपून सैल पडणारा व निसरडा असतो. हा सर्व थर काढला पाहिजे. प्रथम रॉकेलनें धुवावें. परंतु रॉकेलवर थांबूं नये, कारण तें वाळल्यावरही किंचित् तेलकटपणा राहतो. पुढें साबणाच्या गरम पाण्यानें दोन्ही पृष्ठें स्वच्छ करून उन्हांत पूर्ण वाळवावीं. नंतर खरखरीत पॉलिश कागद नळीवर आडवा न चालवितां तिच्या लांबीच्या दिशेनें घासावा. रेघा लांबीच्या दिशेनें पडल्या म्हणजे नळीच्या फिरण्यास त्या आडव्या येतात. वळशाच्या दिशेनें घासल्यास उलट फिरण्याची वाट गुळगुळीत होते. धुतलेल्या पृष्ठास पुन्हां हात लावूं नये. शेतांतून आलेला हात कोरडा दिसला तरी कोरडा नसतो.

स्वच्छ केल्यावर आकार पाहावा. पकडीचे दोन तुकडे नळीवर ठेवून बोल्ट हातानें बसवावे व दोन्ही बाजूंस तुकड्यांमध्यें फट राहते कीं नाहीं तें पाहावें. ही फट सांध्याचा प्राण आहे. आवळल्यावर दोन्ही तुकडे एकमेकांस टेकले तर बोल्टचा पुढील सारा ताण एका तुकड्यानें दुसऱ्यास दाबण्यांत खर्च होतो; नळीला त्यांतला एक किलोही मिळत नाहीं. अशा पकडीवर पान्ह्याला नळी लावून दोन माणसें लोंबकळलीं तरी हँडल फिरावयाचेंच. (मागच्या-पुढच्यांपैकीं एका बाजूची फट मुद्दाम मिटवावयाची, अशीही कांहीं पकडींची रचना असते, तें यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें.) फट मिटण्याचें कारण बहुधा नळीची झीज असतें. नवी नळी मिळत असल्यास ती घालणें उत्तम. न मिळाल्यास पोलादी किंवा पितळेचा पातळ पत्रा नळीभोंवतीं पकडीच्या पूर्ण रुंदीइतका, नीट गोलाईंत बसवावा. पत्र्याचा कपटा एकाच जागीं कोंबूं नये. त्यामुळें दाब एका रेषेवर येऊन नळी चेपते. आणि पत्रा घातल्यावर फट पुन्हां दिसली पाहिजे, न दिसल्यास पत्रा कमी जाडीचा आहे.

नळी झिजलेली नसून अंडाकृति झालेली असली तर तिच्या आंत पोकळी आहे हें कारण. वारंवार अति आवळल्यानें ती चेपलेली असते. लेथवाल्याकडून तिच्या आंतील मापाचा भरीव पोलादी गुटका कातून घेऊन पकडीखालीं येईल असा ठोकून बसवावा. मग नळी दाबास दबत नाहीं. लेथवर नळीच्या त्या भागास जाळीदार खरबरीत नक्षीही काढून मिळते. कारागीर तिला नर्लिंग म्हणतात. तिनें रोध वाढतो व धातु किंचित् वर उचलला जाऊन झीजही थोडी भरून येते. जाड नळीस हा उपाय चांगला. पातळ नळीस करूं नये, कारण त्या खांचांतूनच पुढें तडा जातो.

आतां बोल्ट. बाजारांत आठ मि. मी.चा बोल्ट म्हणून जें मिळतें त्यांत फार भेद आहे. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आंकडा उठविलेला असतो; ४.६ आंकड्याचा साधा बोल्ट त्याच्या निम्म्याहूनही कमी ताण सोसतो. हरवलेल्या बोल्टच्या जागीं डब्यांतला कोणताही घालण्याची आपली संवय येथें नडते. जुना बोल्ट नव्याशेजारीं धरून पाहावा. आटे एका जागीं विरळ झाले असतील, नट मध्येंच अडकत असेल, तर बोल्ट ताणला गेला आहे. तो कितीही आवळला तरी ताण धरणार नाहीं, टाकून द्यावा. लांबीही पाहावी. बंद भोंकांत जाणारा बोल्ट लांब असला तर त्याचें टोक भोंकाच्या तळास टेकतें, किंवा आटे संपून कोरा दांडा नटाशीं येतो. पान्हा घट्ट झाल्याची ग्वाही देतो, पकड मात्र सैलच राहते. ही फसवणूक फार वेळां होते, म्हणून बोल्टखालचा वायसर आवळल्यानंतर बोटानें हालवून पाहावा; तो हालला तर बोल्टनें पकडीस धरलेंच नाहीं.

किती आवळावें? ८ मि. मी.च्या ८.८ बोल्टास अडीच किलो-मीटर जोर पुरतो : २० सें. मी. लांबीच्या पान्ह्याच्या टोकास सुमारें १२ किलोंचा ओढा. १० मि. मी.च्या बोल्टास पांच किलो-मीटर, म्हणजे त्याच पान्ह्यावर २५ किलो. आपल्या हातास १२ किलोंचा अंदाज नसेल तर एकदां ताणकांटा पान्ह्याच्या टोकास अडकवून ओढून पाहावें. पुढें हात आपोआप शिकतो. पकड बिडाची किंवा ॲल्युमिनियमची असल्यास यंत्राच्या पुस्तिकेंत दिलेल्या जोरापुढें कदापि जाऊं नये. बिडाचा कान तडकतो व ॲल्युमिनियममधील आटे उपटून येतात. आटे गेलेच तर भोंक मोठें करून जाडा बोल्ट घालण्यापेक्षां आट्यांची तारेची गुंडाळी बसवून घ्यावी. मोटारीच्या चांगल्या कारागिराकडे हें काम होतें. आवळण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेल्यास पकड तिरपी बसते. चारही बोल्ट कोनाकोनीं, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे व दोन्ही बाजूंची फट सारखी राहते कीं नाहीं याकडे लक्ष असावें.

नीट आवळलेला बोल्ट पुन्हां कां सुटतो, याविषयीं सर्वत्र असा समज आहे कीं इंजिनाच्या थरथरीनें नट फिरतो व स्प्रिंग वायसर घातल्यानें तो थांबतो. गेर्हार्ड युंकर नांवाच्या जर्मन अभियंत्यानें १९६९ सालीं प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं नट सुटण्याचें मुख्य कारण सांध्याचे दोन भाग आडवे, थोडेथोडे का होईना, एकमेकांवर सरकणें हें आहे. आणि अशा सरकण्यापुढें स्प्रिंग वायसरचा फारसा उपयोग होत नाहीं. आपल्या प्रश्नाशीं या शोधाचा निकट संबंध आहे. हँडल जरासें सरकूं लागलें कीं बोल्ट सुटूं लागतो, बोल्ट सुटला कीं हँडल आणखी सरकतें. म्हणून "जरासेंच हालतें, हंगाम संपूं द्या" हा विचार येथें चालत नाहीं. घर्षण परत आणून योग्य ताण दिला म्हणजे हा फेरा तुटतो. त्यावर अधिक बंदोबस्त पाहिजे असल्यास नायलॉनचें कडें असलेला नट वापरावा, पण तो दोन-चार वेळां काढल्यावर बदलावा. आट्यांना लावावयाचा चिकट द्रवही मिळतो. त्यापैकीं पुढें पान्ह्यानें सुटेल असाच घ्यावा, व तो तेल नसलेल्या आट्यांवर लावावा. नळीवर त्याचा थेंब पडूं देऊं नये.

पुष्कळ यंत्रांत नळीच्या पकडीऐवजीं दोन दातेरी चकत्या समोरासमोर ठेवून मधून एकच बोल्ट घातलेला असतो. एका भोंकांतून दुसऱ्या भोंकांत बोल्ट घालून उंची बदलण्याची रचना सोडून देऊं. ती निसटत नाहीं, फक्त भोंकें लांबट होतात. दातेरी चकत्यांचें दुखणें मात्र वेगळें आहे. येथें दाते दात्यांस अडतात, म्हणून घर्षणावर सर्व भिस्त नसते. पण दात्याची बाजू उतरती असते. मुठीवरचे २० किलो, मध्यापासून २५ मि. मी.वरील दात्यांवर ४० पटीनें, ८०० किलो होऊन येतात, व दात्याच्या उतारावरून चढून चकत्या एकमेकींपासून दूर सारूं पाहतात. बोल्टमध्यें पुरेसा ताण असला तर त्या दूर जात नाहींत. ढिला असला तर दाता दात्यावर चढतो, टोक गोल होतें, व गोल झालेला दाता पुढच्या वेळीं अधिक लवकर चढतो. उंची बदलतांना बोल्ट अर्धवट सैल करून हँडल खडखड करीत फिरविण्याची जी रीत आहे तिनें दाते सर्वांत अधिक झिजतात. बोल्ट पुरता सैल करून चकत्या मोकळ्या कराव्या, दात्यांतील माती तारेच्या ब्रशानें झाडावी व दाते बरोबर बसल्याचें पाहून मगच आवळावें. चिखलाचा वाळलेला खडा दोन दात्यांमध्यें राहिला तर त्या क्षणीं सांधा घट्ट लागतो. पहिल्या पावसांत खडा विरघळतो व सांधा ढिला होतो. टोकें थोडीं गोल झालीं असल्यास त्रिकोणी कानशीनें दाते खोल करून एक हंगाम काढतां येतो. त्यापुढें चकत्या बदलाव्या, आणि दोन्ही बदलाव्या. नव्या चकतीला जुनी जोडली तर जुनी नवीला आपल्यासारखी करून सोडते.

गांवोगांव जे झटपट उपाय चालतात त्यांविषयीं स्पष्ट लिहिणें जरूर आहे. सायकलच्या ट्यूबची पट्टी पकडींत घालणें हा सर्वांत लोकप्रिय उपाय होय. रबर प्रथम घट्ट पकडतें, पण सतत दाबाखालीं तें बाजूस पसरत जातें, त्याबरोबर बोल्टचा ताण उतरतो, आणि तेल लागल्यास तें फुगून मऊ होतें. नळीस आरपार भोंक पाडून खिळा घालणें दिसावयास पक्कें, परंतु जेथें नळीवर सर्वांत अधिक जोर येतो तेथेंच ती पोखरली जाते. वेल्डिंगनें हँडल निसटणें थांबतें हें खरें. त्याबरोबर उंची बदलण्याची सोयही कायमची जाते. उंच गड्यासाठीं जोडलेल्या हँडलावर दुसऱ्या दिवशीं ठेंगणा गडी हात वर करून दिवसभर राबतो. शिवाय थरथरणाऱ्या नळीवर वेल्डिंगच्या कडेनेंच तडा जातो, व तो हळूहळू न सरकतां एकदम तुटतो. निसटणाऱ्या हँडलापेक्षां तुटणारें हँडल अधिक वाईट.

हँडल लांब करण्याच्या हौसेबद्दलही दोन शब्द. वळतांना जोर कमी लागावा म्हणून कांहीं जण मुठीपुढें फूटभर नळी जोडून घेतात. माणूस तेवढाच भार टाकीत राहिला तर मीटरभर हँडलाचें सुमारें तेराशें मि. मी. झाल्यानें पकडीवरील १६०० किलोंचे सुमारें २१०० होतात. वर दाखविलेली शिलक तेथेंच संपते. बर्फाळ मुलखांत स्नोमोबाइल नांवाची बर्फावर धांवणारी गाडी असते. कॅनडामध्यें बोंबार्डिए यांच्या कारखान्यांतून १९५९ सालीं स्की-डू ही गाडी निघाल्यापासून तिचा बराच प्रसार झाला. ती उभ्यानें हांकतां यावी म्हणून तेथील लोक हँडलाखालीं उंची देणारा ठोकळा व जादा पकड बसवितात, आणि आपल्यासारखीच त्यांचीही तक्रार असते कीं हँडल ठोकळ्याच्या पकडींत फिरतें. उंची वाढली कीं जोर वाढतो, व प्रत्येक नवा सांधा ही निसटण्याची एक नवी जागा होते. उंचीच हवी असल्यास कमरेच्या बेतानें मुठी येतील इतकीच घ्यावी व ती मूळ सांध्यांतूनच साधावी.

दुरुस्ती झाल्यावर पहिला अर्धा तास काम करून इंजिन बंद करावें व बोल्ट त्याच जोरानें पुन्हां पाहावे. खरबरीत पृष्ठांचीं टोकें या वेळांत चेपून बसतात व थोडा ताण उतरतो. तो भरून काढल्यावर सांधा बहुधा स्थिरावतो. पुढें हंगामांत आठवड्यास एकदां रंगाची रेघ पाहणें पुरे. शेवटचें काम तारांचें. हँडल वर घेतलें असल्यास क्लचची तार ताणली जाते, आणि दांडी सोडूनही क्लच पुरता सुटत नाहीं, पातीं फिरतच राहतात. म्हणून इंजिन चालू करण्यापूर्वीं दांडी दाबून-सोडून तारेंत थोडी सैल राहते कीं नाहीं तें पाहावें. नंतर मोकळ्या जागीं, पातीं जमिनीस टेकवून न ठेवतां, यंत्राला खालीं भक्कम टेकू देऊन व बाजूस उभें राहून इंजिन मंद चालवावें आणि दांडी सोडतांच पातीं थांबतात अशी खात्री झाल्यावरच यंत्र गड्याच्या हातीं द्यावें.